वाटीभर साय

शकूकाकूंच्या घरी मी आठ वर्षं रक्त काढायला जात होते. रक्त काकांचं. काकूंचं रक्त काढावं असं मला त्या आठ वर्षांत एकदाही सुचलं नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज चाळीस-पन्नास लोकांच्या नसा शोधते, आणि तरी सुचलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी काकूंच्या गमती सांगायला लागले की कोणी मला फार शहाणी समजायला नको.

मानेवाडा रोडला आमची फ्लॅट स्कीम आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. बिल्डर ‘नंतर लावून देतो’ म्हणाला होता, ते नंतर अजून यायचं आहे. दुसऱ्या मजल्यावर आमचं दार आणि काकूंचं दार समोरासमोर. काका, म्हणजे वानखेडेकाका, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. बोलणं कमी, पेपर वाचणं जास्त. एक मुलगी, ती लग्न होऊन रायपूरला. घरात दोघंच, पण काकूंच्या तोंडामुळे घर सदा भरलेलं वाटायचं.

काकूंचं माहेर पारशिवनीकडचं, शेतकऱ्याचं. घरी सात म्हशी. लग्न होऊन नागपुरात आल्या त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, बोली मात्र जिथली तिथेच. तिकडच्या बायकांसारखं ‘मी जातो, मी करतो’ म्हणायच्या. शहरातल्या दुधावर त्यांचा विश्वास कधी बसलाच नाही. पिशवीच्या दुधाला त्या ‘पन्नीतलं पानी’ म्हणत. रोज दीड लिटर म्हशीचं दूध दारात मापून घ्यायचं, आणि घेण्याआधी एक थेंब अंगठ्याच्या नखावर ठेवून पाहायचा. थेंब जागच्या जागी थांबला तर ठीक, घसरला की दूधवाल्याची खैर नाही.

“काहून गा, आज म्हशीले भल्ली तहान लागली होती का?” एवढंच विचारायच्या, तेही आवाज न चढवता. दूधवाला हिशेबी माणूस, पण त्या प्रश्नापुढे मान खाली घालायचा. पुढचे पंधरा दिवस थेंब नखावरून हलायचा नाही.

हे दूध मंद आचेवर तापायचं, न ढवळता निवायचं, आणि मग कडेने सुरी फिरवून काकू भाकरीसारखी साय उचलायच्या. सायीला विरजण, रविवारी लोणी, दुपारी तूप. तूप कढायला लागलं की वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. भांड्याच्या तळाची बेरी साखर घालून ज्याच्या त्याच्या हातावर पडायची. मीसुद्धा ड्युटीवरून येताना वास घेत घेत जिना चढायची आणि आपल्या दाराऐवजी समोरच्या दारात शिरायची. काकांच्या वरणभातावर तूप चमच्याने नाही, पळीने पडायचं. त्यांनी हात आडवा केला तर काकू तो हात बाजूला सारून वाढत.

आणि त्या घरात काही म्हणजे काही टाकलं जात नसे. रात्रीच्या पोळ्या सकाळी फोडणीत, सकाळचं वरण संध्याकाळच्या कणकेत. तरी जे उरेल ते काकूंच्या पोटात. त्या सगळ्यांत शेवटी जेवायच्या, ओट्याशी उभ्या राहून, पातेल्यातूनच. एकदा न राहवून मी म्हटलं, “काकू, जरा बसून जेवा ना.”

“जेवून कुठं राहिली वं मी,” काकू म्हणाल्या. “भांडे रिकामे करून राहिली.”

मी हसले. त्या बोलल्या की हसू यायचंच, त्यांच्या बोलण्याचा तोच तर त्रास होता.

काकांना झटका आला तो सकाळी दाढी करताना. अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि माणूस मोरीपाशी खाली बसलेला. दवाखाना झाला, बायपास झालं. सुटी मिळाली त्या दिवशी मी बरोबर होते. डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून सांगितलं, तूप, लोणी, साय, खवा बंद; दूध घ्यायचं तर साय काढून. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन सणावारी?”

“सणावारीसुद्धा नाही, काकू,” डॉक्टर म्हणाले.

परत येताना ऑटोत काका कडेला डोळे मिटून बसलेले. काकूंनी माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, “ज्योती, खरं सांग वं. माह्या तुपानं झालं का हे?”

त्यांचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी जमेल तसं समजावलं. तुपात, लोण्यात, सायीत जी चरबी असते तिला सॅच्युरेटेड म्हणतात. ती पोटात जास्त गेली की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि ते नसांच्या आतल्या बाजूला साचत जातं. पण काकांना शुगर आहे, इतकी वर्षं सिगारेट ओढली, जन्मभर खुर्चीत बसून काम केलं, एकट्या तुपावर कसं ढकलता, असंही म्हटलं. त्यांनी दुसरं अर्धं ऐकलंच नाही.

“म्हंजे थंडीत जे गोठते ते. असंच ना?”

“बरंचसं तसंच,” मी म्हटलं.

झालं. घरी आल्यावर तुपाची बरणी उचलून काकू खाली देवळात गेल्या आणि समईसाठी देऊन आल्या. त्यानंतर त्या घरात तूप कढलं नाही. स्कीममधल्या बायका विचारायला यायच्या, नवऱ्याला काय द्यावं, काय नको. काकू म्हणायच्या, “थंडीत गोठते ते यायच्या पोटात नाई जाऊ द्याचं.” ‘यायच्या’ म्हणजे ह्यांच्या, नवऱ्यांच्या. आमच्या लॅबमध्ये भिंतीवर याच विषयाचा मोठा तक्ता लावलेला आहे. तो वाचून कोणाला काही कळल्याचं मला आठवत नाही. काकूंचं वाक्य मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत पाठ होतं.

पहारा तर असा, की विचारू नका. कन्हानला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, आम्हीही गेलो होतो. बुफे. काकांनी गर्दीचा फायदा घेऊन रबडीची वाटी भरली आणि मंडपाच्या खांबामागे जाऊन उभे राहिले. काकू पार पलीकडे नवरीच्या आईशी बोलत होत्या. कसं दिसलं देव जाणे. गर्दीतून सरळ वाट काढत आल्या आणि चमचा तोंडाशी पोचायच्या आत वाटी काढून घेतली.

“डॉक्टरनं शिवून देल्लं हाय तुमचं हृदय. उसवू नका.”

आजूबाजूचे पोट धरून हसले. काकासुद्धा हसले, ओशाळून. मग काकू वाटी हातात घेऊन उभ्या. शेजारीच उष्ट्या प्लेटांचा ड्रम होता. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि उभ्या उभ्या चार चमच्यांत रबडी संपवली.

“काकू?” मी म्हटलं.

“घेतलेलं टाकाचं का मंग?”

हा किस्सा मी लॅबमध्ये सांगितला, माहेरी सांगितला, आल्यागेल्याला सांगितला. प्रत्येक वेळी लोक उसवू नका या शब्दांवर हसायचे. त्यानंतरच्या चार चमच्यांकडे माझंही लक्ष नव्हतं.

दर सहा महिन्यांनी मी सकाळी सातला त्यांच्याकडे जायची. काका रात्रीपासून उपाशी, बाही वर करून सोफ्यावर तयार. काकू शेजारी कापूस घेऊन उभ्या. मी सुई काढली की कापूस त्याच दाबून धरायच्या, मला धरू द्यायच्या नाहीत. रिपोर्ट आला की आकडे मला वाचायला लावायच्या. दोन वर्षांत काकांचं कोलेस्टेरॉल असं खाली आलं की डॉक्टरांनी काकूंना म्हटलं, “गोळ्यांचं अर्धं काम तुम्ही केलंत.” त्या दिवशी जिन्यात भेटेल त्याला काकूंनी हे सांगितलं. खालच्या वॉचमनलासुद्धा.

आता कोणालाही प्रश्न पडावा, की दूध दीड लिटर येतच होतं, पन्नीतलं घ्यायला काकू तयार नव्हत्या, तूप करायचं नव्हतं कारण ‘घरात असलं की यायचा हात जातेच’. मग रोजची ती भाकरीएवढी साय जायची कुठे? मला हा प्रश्न पडला नाही, मला थेट उत्तरच दिसलं. एका दुपारी विरजण मागायला गेले तर काकू ओट्याशी उभ्या, हातात वाटी, वाटीत साय-साखर, आणि सकाळची उरलेली पोळी.

“ये वं, तोंड गोड कर.”

मी दोन घास खाल्ले. काय चव होती. मग विचारलं, “रोज खाता?”

“टाकतो का मंग?”

“कामवालीला द्या, कोणाला द्या.”

“काहून? तिले हृदय नाई का?”

म्हणजे बघा. साय वाईट हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पटलेलं. काकांना द्यायची नाही, कामवालीच्या पोटातही घालायची नाही. आणि टाकायची तर मुळीच नाही. त्या सगळ्या हिशेबातून एकच माणूस सुटलेला होता.

“मग तुम्हाला चालते?”

“मले काय होते वं. माही माय सात म्हशीचं खाऊन म्हातारी होऊन मेली. तिले कोनता डॉक्टर होता?”

मी पुन्हा हसले. त्यांची आई दिवसभर शेतात राबायची, रोज मैलभर चालायची, आणि तिच्या नसांच्या आत काय होतं ते कोणी पाहिलेलं नव्हतं, एवढं मी तिथल्या तिथे बोलू शकले असते. त्याऐवजी विरजणाची वाटी घेऊन घरी गेले.

काकू थकायला लागल्या त्या गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. पहिल्या मजल्यावर येऊन पिशवी टेकवून बसायच्या. “पायऱ्या वाढवल्या का वं कोनी?” म्हणायच्या. जबडा दुखायचा, म्हणून दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. दात ठीक निघाले. पाठीत कळ यायची, ती गॅसची ठरवली आणि ओवा खाल्ला. बाईचा हृदयविकार असाच येतो पुष्कळदा, छातीवर हात दाबून सिनेमासारखा येत नाही, हे मला शिकवलेलं आहे. मी परीक्षेत लिहिलेलंही आहे.

जानेवारीतली सकाळ. काकांच्या तपासणीचा दिवस. मी स्वेटरवर शाल घेऊन गेले, आणि काकूंनी दार उघडलं तर पदराने कपाळ पुसत होत्या. मी रक्त काढलं. काकूंनी उजव्या हाताने कापूस दाबला आणि डावा हात आपल्या जबड्याला लावला.

“काकू, घाम काहून?”

“गॅसपाशी होती.”

मी स्वयंपाकघरात डोकावले. गॅस पेटवलेला नव्हता, दुधाचं पातेलं थंडगार. काकूंचा हात हातात घेतला, तो ओला आणि गार.

“काकू, चला. आत्ता. दवाखान्यात.”

“थांब वं. यायनं रातपासून काई खाल्लं नाई. यायची चाय ठेवतो, मंग पाहू.”

मी ओरडले. सोळा वर्षांच्या शेजारात त्यांच्यावर मी तेवढ्या एकदाच ओरडले. काका उठून उभे राहिले, हातावरचा कापूस खाली पडला, रक्ताची धार मनगटापर्यंत गेली, ते तसेच चपला शोधायला लागले.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरने ईसीजीची पट्टी पाहिली आणि विचारलं, “जुने रिपोर्ट?” काकूंनी स्ट्रेचरवरूनच पिशवीकडे बोट केलं. तेवढ्या घाईतही त्यांनी फाइल उचललेली होती. जाडजूड, तारीखवार लावलेली. डॉक्टरने पानं उलटली. एक, दोन, दहा. सगळ्यांवर काकांचं नाव.

“हे यांचे आहेत. तुमचे?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आकडे वाचून दाखवायचं काम माझं होतं ना, म्हणून.

“नाहीत,” मी म्हटलं. “कधी केले नाहीत.”

त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट पडले. संध्याकाळी काकांचेच हृदयाचे डॉक्टर बाहेर आले आणि काकांना विचारलं, काकूंचं खाणं काय असतं. काका म्हणाले, “मी खातो तेच.” मग मला सांगावं लागलं. वाटी, साय, साखर, रोज, आठ वर्षं. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, दुधा-दह्याशी आपलं वैर नाही, आणि एका वाटीने असं होत नाही. वय आहे, बीपी आहे, ते कोणी मोजलेलं नाही, शुगर काठावर आहे. पण रोजच्या जेवणावर रोजची ही चरबी, आणि एकदाही तपासणी नाही, यात तिचा वाटा आहेच.

ते गेल्यावर काका बाकावर बसले. म्हणाले, “माह्या दुधावरून काढून तिच्या पोटात जाऊन राहिली होती. आन मी वरून कटकट करो, का दूध पातळ हाय म्हणून.” आणि मग तो अबोल माणूस हुंदके देऊन रडला. मीही रडले. मला माझी लाज वाटत होती, ती अजून वाटते.

काकू घरी आल्या आणि काकांनी दूधवाला स्वतः बंद केला. पन्नीतलं टोन्ड दूध यायला लागलं. पहिल्या दिवशी काकूंनी एक थेंब नखावर ठेवला, तो सरळ बोटावरून खाली आला. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि दूध पातेल्यात ओतलं.

पेशंट होणं काही त्यांना जमेना. कोणी भेटायला आलं आणि “कसं काय काकू?” विचारलं, की उत्तर ठरलेलं, “यायचं बरं हाय आता, शुगर लाइनवर हाय.” काकांच्या गोळ्या मिनिटाला मिनिट, आणि स्वतःच्या गोळ्या डब्यात तशाच. एकदा कोणीतरी संत्रा बर्फीचा डबा आणला. दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार वड्या कमी होत्या. काकांनी डबा उचलला, दोन मजले उतरून कचऱ्याच्या गाडीत टाकला आणि धापा टाकत वर आले. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी मी एकदा त्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, “तुम्ही गेलात तर काकांचं कोण पाहील?” ही मात्रा लागू पडली. त्या दिवसापासून गोळ्या वेळेवर, चालणं वेळेवर, रबडी-बर्फी बंद. मला वाटलं, जिंकले. नंतर लक्षात आलं, की काही बदललंच नव्हतं. स्वतःचं हृदयसुद्धा त्या काकांचीच एक वस्तू म्हणून सांभाळत होत्या. काका नसते तर? विचारायची हिंमत झाली नाही. पण एखादा दिवस गोळी चुकायची आणि मी विचारलं तर म्हणायच्या, “यायची घेतली ना, मंग.” मला तेव्हा भीती वाटायची. असं उसनं हृदय किती दिवस टिकणार?

त्या दिवाळीनंतर मुलगी दोघांना रायपूरला घेऊन गेली. फोन येतात. पण माझ्या डोळ्यांपुढच्या काकू म्हणजे त्या जाण्याआधीच्या, शेवटच्या तपासणीच्या दिवशीच्या.

आम्ही तिघं दवाखान्यात बसलो होतो. काकूंचीच तपासणी होती, काकांचा नंबर पुढच्या महिन्यात. सिस्टरने दार उघडून हाक दिली, “वानखेडे.” काका सवयीने उठले. काकूही सवयीने त्यांच्या मागे उठल्या, पिशवी सांभाळत.

“एकच जण आत,” सिस्टर म्हणाली. “पेशंट कोण?”

काका थांबले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं, ते मी महत्प्रयासाने आवरलं. काकूंनी पदर सारखा केला, पिशवी काकांच्या हातात दिली.

“मी हाओ,” त्या म्हणाल्या. “तुमी बसा.”

आणि एकट्या आत गेल्या. दार अर्धं उघडंच होतं. स्टुलावर बसलेली त्यांची पाठ मला दिसत होती, नेहमीपेक्षा लहान.

“बोला काकू, काय म्हणता?” डॉक्टरांनी विचारलं.

आता काकांची शुगर सांगतील म्हणून मी डोळे मिटून घेतले.

“जिना चढताना मले भेव लागते,” काकू म्हणाल्या. आणि मग, “मले अजून जगाचं हाय, डॉक्टर.”

सिस्टरने दार लावून घेतलं.